बायबल मुलांना अभ्यास वाटतोय? शनिवारी रात्री आजीला फोन लावा

टोरोंटोहून वसईच्या एका ताईंनी लिहिलंय, मुलं 9 आणि 13 वर्षांची, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज दोन अध्याय वाचायचं ठरवलं, नियमांनी भरलेलं लेवीय पुस्तक आलं आणि सगळं थांबलं, आता बायबल काढलं की मुलं म्हणतात होमवर्क नको. ताई, यात तुमचं काही चुकलं नाही, फक्त सुरुवात अवघड टोकाकडून झाली.

मी सांगेन, येत्या रविवारी चर्चमध्ये वाचायचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचा उतारा) घ्या, बस. बहुतेक वेळा दहा-पंधरा ओव्या असतात. आपल्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात, पहिल्या वर्षी मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि योहान मुख्यतः लेंट आणि ईस्टरच्या दिवसांत (ज्या सालाला 3 ने भाग जातो ते लूकचं). काही सण सोडले तर तुमच्या पॅरिशमध्ये (तिथल्या चर्चमध्ये) जे वाचतात तेच त्या रविवारी वसईतही वाचतात! म्हणून उन्हाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला आईला व्हिडिओ कॉल लावा, तिकडे रविवारचे सकाळचे सहा वाजलेले असतात, ती मिस्साला निघायच्या आधी तुम्हाला भेटेल.

आजीने मराठीतून मोठ्याने वाचायचं, मग तोच उतारा मुलाने इंग्लिशमधून. मग दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही, हे सुरुवातीला फार जड जातं पण सोडू नका. मग प्रत्येकाने मनाला लागलेला एकच शब्द सांगायचा, का लागला ते सांगायची सक्ती नाही, आणि मोठ्यांनी कुणाला करेक्ट करायचं नाही. मग त्याच शब्दावरून देवाशी बोलायचं, घरच्या भाषेत, कादोडीत (आपल्या वसईच्या बोलीत) आलं तर कादोडीत.

ही पद्धत जुनी आहे, हिला लेक्सिओ दिविना म्हणतात. 12व्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संघाच्या) मठवासीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर नुसतं असणं. तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं. आपण चावायच्या आधीच पुढचा घास भरतो म्हणून मुलं कंटाळतात.

आमच्याकडे लूक 15 होतं, उधळ्या पुत्राची गोष्ट, बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेलेल्या आणि सगळं उधळून परत आलेल्या मुलाची. माझ्या मुलाने शब्द सांगितला "दूर देशी". मी गप्पच झाले, कारण आम्ही स्वतः दूर देशीच आहोत ना. आणि फोनवर सासूबाई म्हणाल्या, माझा शब्द पुढे आहे, "तो दूर आहे तोच" बापाने त्याला पाहिलं. त्यानंतर त्या रात्री मला वेगळी प्रार्थना सुचलीच नाही, तेवढं एकच वाक्य घेऊन बसले.

अभ्यास नको असं मी अजिबात म्हणत नाही, हा. शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान हे संत जेरोमचं वाक्य दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1965 मध्ये मुद्दाम पुन्हा सांगितलं. पण अभ्यास प्रार्थनेच्या मागून येऊ दे. बाप जिवंत असताना वाटणी मागणं किती लागणारं होतं, डुक्कर अपवित्र मानणारा ज्यू मुलगा डुकरं राखतो म्हणजे कुठवर घसरला, हे मुलं स्वतःच विचारतात मग. तुम्ही लिहिलंय, तुमच्या मोठ्याला अब्राहाम आणि इसहाकाचा प्रश्न पडलाय (देवाने अब्राहामाला मुलाचा, इसहाकाचा, बळी का मागितला), तो वहीत लिहा, फादरना विचारा, घाईघाईत गोड उत्तर देऊ नका, त्या वयाला ते कळतं.

बायबल घेताना 73 पुस्तकांची कॅथलिक आवृत्ती आणि खाली टिपा असलेली घ्या. मराठीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं, भाषा सोपी आहे.

धाकटी पहिले काही शनिवार काहीच बोलली नाही तरी चालेल, मेणबत्ती लावायचं काम तिला द्या. आणि आईला शुक्रवारीच कळवा कुठला उतारा आहे ते, म्हणजे ती आधी एकदा वाचून ठेवेल.