शेवटचा 'पोचलो' येईपर्यंत झोप नाही

"मॅडम, पोरं फील्डवर असली की मला झोपच लागत नाही, हे वेडाचं लक्षण काय?" संस्थांमधले लोक हा प्रश्न घेऊन माझ्याकडं बऱ्याचदा येतात, फक्त शब्द वेगळे असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी भागातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

पूरग्रस्तांच्या कामाचं छोटं ऑफिस, अकरा माणसं, दोन गाड्या, ताई इनचार्ज. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेली बाई, यमगर्णीत हायवेवर पाणी आलं की काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नाही. तर एका पावसाळ्यात टीममधला एक पोरगा मदतीचं किट घेऊन बाईकवरनं बंधाऱ्यावरनं निघाला, पाणी घोट्याएवढंच होतं म्हणे, मधोमध चाक सरकलं आणि बाईक गेली, तो खांबाला धरून राहिला, गावातल्यांनी दोर टाकून ओढला. पोरगा आठ दिवसांत कामावर हजर. ताई मात्र अजून त्या बंधाऱ्यावरच उभ्या. "मीच फोनवर म्हणलो होतो, आज किट पोचलंच पाहिजे." (आमच्याकडं बायका 'म्हणलो' म्हणतात, हसू नका.)

तेव्हापासून फोन उशीखाली, आवाज फुल्ल, कोण कुठं गेलंय, कुणाच्या मोबाईलची बॅटरी कमी, सगळं एकट्या डोक्यात. आठपर्यंत 'पोचलो' आलं नाही की फोनवर फोन. मी श्वासाचे व्यायाम दिले, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत तेच.

मग मी विचारलं, पोरं तुम्हाला खरं सांगतात काय? ताई गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, टीममधल्या एका मुलीच्या मागं दोनदा बाईकवाले लागले होते, ते ड्रायव्हरला माहीत, ऑफिसमधल्या मावशीला माहीत, फक्त मला नाही. का तर "ताई घाबरतात, उद्यापासून फील्डच बंद करतील."

तिथं मला गाठ सापडली. सगळीच काळजी म्हणजे आजार नव्हे, त्यातला निम्मा भाग म्हणजे कुणी वाटून न घेतलेलं काम असतं.

सिक्युरिटी म्हटलं की २००३ सालचा बगदादमधल्या यूएन ऑफिसवरचा स्फोट, बंदूकवाले, असलंच डोळ्यासमोर येतं, आणि ताईंचे वरचे साहेबही तेच म्हणायचे, आपल्याकडं कशाला हे सगळं. आपल्याकडं पाणी, रस्ता आणि अंधार आहे की! पुढच्या वेळी मी ताईंना वही घेऊन यायला सांगितलं, आणि त्यात नियम लिहिले. वाहतं पाणी फूटभर असलं तरी चारचाकी हलते, मग बंधाऱ्यावर पाणी चढलेलं दिसलं की गाडी वळवायची, ताईंना विचारायलाही थांबायचं नाही. 'आज जाऊ नये वाटतंय' असं कुणी म्हणालं तर उलटतपासणी नको. रात्रीचा फोन पाळीपाळीनं, अर्ध्या तासात 'पोचलो' नाही आलं तर आधी त्याला, मग ड्रायव्हरला, मग त्या गावच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला), आणि तरीही पत्ता नाही तर ११२. सीमावाद तापला की एमएच पासिंगची गाडी त्या दिवशी जागेवर, डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडलेले कोण विसरलंय.

त्या मुलीचं प्रकरण मात्र वहीत लिहून भागण्यासारखं नव्हतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच, आणि कामानिमित्त जिथं पाठवलं ते गावही कामाची जागाच धरतात, कामाच्या ठिकाणी संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित ठेवणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी. ह्यांची समिती कागदावर होती, पण एकाही पोरीला त्यातलं एक नाव सांगता येईना. ताईंनी स्वतः तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली. मला वाटतं सगळ्यात जास्त फरक तिथंच पडला, कारण नंतर पोरं आपणहून सांगायला लागली, टायर घसरला होता, तिथला कुत्रा चावरा आहे, अमुक गल्लीत दारू पिऊन बसलेले असतात.

आता ताई आठवड्यातनं दोनच रात्री फोन सांभाळतात. बाकीच्या पाच रात्री फोन किचनमध्ये चार्जिंगला. पत्र्यावर पाऊस वाजला की अजून जाग येते, उठून किचनपर्यंत जातात, बघत नाहीत, परत येऊन पडतात. नवरा म्हणतो, पाणी प्यायला उठतीस की काय रोज?