तीन पूर्णांक की तीन टिंब दहा?

कुडाळच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : 'पायथन ३.१०' (पायथन या प्रोग्रामिंग भाषेची एक आवृत्ती) मराठीत कसं वाचायचं? तिने वर्गात 'तीन पूर्णांक दहा शतांश' वाचलं, आणि तिच्या प्रोग्रामनेही ३.९ हीच नवी आवृत्ती ठरवली.

'पूर्णांक' म्हटलं की पुढचे अंक एकाचे अंश होतात. मग ३.१० म्हणजे ३.१, आणि ३.९ त्याहून मोठा. वायएएमएल (YAML) या, प्रोग्रामची सेटिंग्ज लिहायच्या फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर नेमकं हेच होतं, शून्य गळतं. पण पायथन ३.९ आली ऑक्टोबर २०२० मध्ये आणि ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये. नवानंतर दहा. हे टिंब दशांशचिन्ह नाहीच.

कोकणात हे सातबाऱ्यावरून चटकन पटेल. सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर १० : कागदावर ४५/१०. त्याचा कुणी भागाकार करत नाही. 'पंचेचाळीस, हिस्सा दहा' म्हणतात, आणि तो हिस्सा नऊच्या पुढचा असतो. आवृत्तीतलं टिंब म्हणजे ही तिरकी रेघ.

घरच्या उताऱ्यांची यादी मी एकदा प्रोग्रामने लावली, तेव्हा ४५/१ च्या पाठोपाठ ४५/१० आला आणि ४५/२ खाली गेला. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : अकारविल्हे. संगणकाला क्रमांक मजकूर म्हणून दिला की तो कोशातल्या शब्दांसारखा एकेक अक्षर ताडून पाहतो. '१' हा '९' च्या आधी, म्हणून '३.१०' हा '३.९' च्या आधी. या विद्यार्थिनीच्या प्रोग्रामने एक तर हे केलं असेल, नाही तर आवृत्तीला दशांश संख्या मानलं असेल. उत्तर दोन्हीकडे तेच चुकीचं येतं.

टिंबापाशी तोडावं, प्रत्येक तुकड्याची पूर्ण संख्या करावी आणि डावीकडून एकेक ताडावी. पायथनमध्ये (३, १०) हा टपल, म्हणजे कंसातली क्रमवार यादी, (३, ९) पेक्षा मोठाच ठरतो. पण (१, ०) आणि (१, ०, ०) हे टपल समान ठरत नाहीत, आवृत्त्या म्हणून मात्र १.० आणि १.०.० एकच. शिवाय १.०.०-अल्फा ही चाचणीची आवृत्ती १.०.० च्या आधीची असते. इथे सातबाऱ्याची उपमा तुटते, कारण ४५/३अ हा ४५/३ च्या आधी कुणी लावणार नाही. म्हणून हाताने तोडाफोडी न करता पायथनच्या 'पॅकेजिंग' लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) 'व्हर्जन' वापरावा, हे माझं ठाम मत.

वाचताना मी 'तीन टिंब दहा' म्हणेन. 'तीन पॉइंट दहा'लाही माझी हरकत नाही. 'दहा' मात्र अख्खा उच्चारावा, 'एक शून्य' नको.

अपवाद संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक' (TeX) या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा. त्याची आवृत्ती दर सुधारणेला गणितातल्या 'पाय'च्या (π) किमतीजवळ सरकते : ३.१४१५९२६५, मग ३.१४१५९२६५३. तिथे 'पूर्णांक' म्हणा आणि पुढचे अंक सुटे वाचा.