वाचकांचे प्रश्न : ‘लेकरासारखं व्हा’ म्हणजे नेमकं काय?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार इथं घेतली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, असं पाळकसाहेब सांगतात. माझ्या घरात दोन नातवंडं आहेत. हट्ट, रुसवे, मारामाऱ्या, दिवसभर हेच. यातलं घ्यायचं काय? – एक आजी, जालना

आजी, लेकरांचे रुसवे येशूलाही ठाऊक होते. याच शुभवर्तमानात, ११:१६–१७ मध्ये, तो बाजारात बसलेल्या पोरांचा दाखला देतो. पावा वाजवला तरी नाचायचं नाही, रडगाणं गायलं तरी ऊर बडवायचा नाही, असा त्यांचा खेळ. कशानंच समाधान न होणाऱ्या माणसांना तो त्या पोरांची उपमा देतो. त्यामुळे १८व्या अध्यायात निरागसपणाचं कौतुक चाललंय असं समजायला नको. संडेस्कूलच्या चित्रांनी ती समजूत पक्की केलीय, एवढंच.

शिष्यांनी विचारलं होतं, राज्यात मोठा कोण? मार्क ९ प्रमाणे हा वाद वाटेतच झाला होता, आणि कफर्णहूमात घरी आल्यावर येशूनं विचारलं तेव्हा सगळे गप्प बसले. मग त्यानं एक लेकरू मध्ये उभं केलं. ग्रीकमधला शब्द ‘पायदियोन’. आपल्या ‘ते लेकरू’सारखाच नपुंसकलिंगी. त्या काळी लेकराला घरात कुणी मत विचारत नसे, त्याच्या नावावर काही नसे. येशूच्या अरामी बोलीत ‘तल्या’ हा शब्द मुलालाही चाले आणि चाकरालाही. टपरीवर आपण ‘ए पोऱ्या’ म्हणतो, तसाच.

चौथ्या वचनात ‘नम्र’ असा शब्द आहे. त्यामागच्या क्रियापदाचा अर्थ खाली आणणं, आणि फिलिप्पैकरांस २:८ मध्ये ख्रिस्तासाठी तेच क्रियापद आलंय. लेकरू खालीच असतं. मोठ्या माणसाला खालची जागा मुद्दाम घ्यावी लागते. गरीब चेहरा करून बसण्याशी याचा संबंध नाही. आणि ती जागा घेतली की नाही, हे पाचव्या वचनावरून कळतं : असल्या एका लेकराला तुम्ही कसं जवळ करता?

रोजच्या सरावासाठी स्तोत्र १३१ घ्या, तीनच वचनं आहेत. त्यात दूध तुटलेलं लेकरू आहे. दूध तोडायला आपल्याकडे कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. दोन-चार रात्री नुसता आकांत. मग एके दिवशी ते येतं आणि मांडीवर बसून राहतं, दूध मागत नाही. रात्री दिवा मालवण्याआधी ही तीन वचनं म्हणा आणि तीन मिनिटं काही न मागता बसा. बहुतेकांचं इथंच बिनसतं : बसलं की मागण्या आठवायला लागतात. म्हणून मागण्या आधीच सांगून मोकळं व्हावं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको एका कोयत्यावर ऊसतोडीला जातो. मुकादम आमच्याच मंडळीतला (चर्चमधला). हिशेब न दाखवता उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणतो. मंडळीत सांगतात, नम्र राहा, वाद नको. – बीड जिल्हा

हा सल्ला चुकीचा आहे. याकोब ५:४ वाचा; शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथं आहे. खुद्द येशूनंही थोबाडीत बसल्यावर ‘का मारतोस?’ असं विचारलं (योहान १८:२३). आणि लहानांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात मत्तय १८:६ मध्ये जे जातं बांधायचं म्हटलंय, ते घरातलं जातं नाही. मूळ शब्द गाढवानं फिरवायच्या जात्याचा आहे.

याच अध्यायात १५ ते १७ या वचनांत पायऱ्या दिल्यात. आधी एकट्यानं भेटा. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. पहिल्या भेटीलाच कागद हवेत : उचल किती आणि कोणत्या तारखेला, टनाचा ठरलेला दर, वजनाच्या पावत्या. तोंडी हिशेबावर गेलं की आवाज चढतात आणि मूळ रक्कम बाजूला राहते. तुमच्या काही खाड्या (गैरहजेरीचे दिवस) पडल्या असतील तर त्या आधी स्वतःच सांगा, आकडा फुगवू नका. नम्रता इथं लागते, गप्प बसण्यात नाही. या पायऱ्या भावासाठी आहेत. मुकादम मंडळीबाहेरचा असता तर थेट कामगार कार्यालय गाठायला सांगितलं असतं. मंडळीचंही त्यानं ऐकलं नाही, तर तुम्हीही तिथंच जा.

एक अपवाद ठळक लिहून ठेवा. लेकराशी गैरवर्तन झालं असेल, तर ‘आधी एकट्यानं भेटा’ ही पायरी लावायची नाही. लगेच १०९८ वर फोन करायचा किंवा पोलिसांत जायचं, मग समोरचा मंडळीचा पंच (कारभारी) का असेना.

प्रश्न : आमचे एक पंच दरवर्षी ‘मी नालायक आहे’ म्हणून पद नाकारतात आणि आग्रह झाला की घेतात. ही नम्रता का? – लातूर

कलस्सैकरांस २:१८ आणि २३ मध्ये दिखाऊ नम्रतेचा इशारा आहे, तो याच जातीचा. ओळखायची साधी खूण : ‘मी नालायक’ हेच वाक्य दुसऱ्यानं त्यांच्याबद्दल म्हटलं तर काय होतं? उपाय मात्र तुमच्या हातात आहे. पहिल्याच नकाराला ‘बरं’ म्हणा आणि पुढचं नाव घ्या. पेत्रानंही पाय धुवून घ्यायला नकार दिला होता (योहान १३:८), आणि येशूनं त्याला मुळीच आग्रह केला नाही. धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, एवढंच सांगितलं.

प्रश्न : तरुण संघात हा अध्याय शिकवायचाय. किती आठवडे लागतील? – परभणी

पस्तीस वचनं आहेत. चार बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. भाग असे पाडा : १–५, ६–१४, १५–२०, २१–३५. पहिल्या दिवशी एखाद्या पोराला मध्ये उभं करून नाटक करू नका. ते लाजतं, बाकीचे हसतात, आणि लेकराला जवळ करण्याचं वचन तिथंच मोडतं. त्यापेक्षा उतारा त्याला वाचायला द्या. अडखळला तर थांबा, शब्द पुरवू नका.

शेवटच्या बैठकीला फळ्यावर गणित मांडा. राजानं ज्या चाकराचं देणं माफ केलं, त्यानं सोबतच्या चाकराचं देणं मात्र माफ केलं नाही, असा तिथला दाखला आहे. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. पहिल्या चाकराचं देणं १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. दुसऱ्याचं १०० दिनार. शिकवणारे हमखास इथं चुकतात आणि ‘अगदी किरकोळ रक्कम’ म्हणून पुढं जातात. शंभर दिवसांची मजुरी किरकोळ नसते. तुमच्या संघातल्या ज्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर तोडीला जातात, त्यांना विचारा. ते फळ्यावरचा आकडा बघून लगेच सांगतील.