दुसरा भाग अवघड आला, हे चांगलंच झालं

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. सीईटीबरोबर डिजिटल एसएटीही (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची, संगणकावरची परीक्षा) देणार आहे. सराव चाचणीत गणिताचा पहिला भाग छान गेला, पण दुसरा एवढा अवघड आला की ती रडवेली झाली. मुलांना वेगवेगळे प्रश्न देणं अन्यायाचं नाही का? आणि उद्या बोर्डाची परीक्षाही एसएटीसारखीच संगणकावर, आटोपशीर होणार असेल, तर आता तीन तासांचे पेपर सोडवून घ्यायचे कशाला? – एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, तिला आधी एवढंच सांगा, की पहिला भाग चांगला गेला म्हणूनच दुसरा अवघड आला. एसएटीच्या गणितात २२ प्रश्नांचे, ३५-३५ मिनिटांचे दोन भाग असतात. पहिल्यात सोपे-अवघड सगळेच प्रश्न असतात आणि तिथल्या कामगिरीवरून संगणक दुसरा भाग निवडतो. सोपा भाग मिळाला असता तर ती हसत उठली असती, पण वरचे गुण तिथेच हुकले असते.

चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर प्रत्येकाला सगळी भिंगं लावत बसत नाहीत. अंदाज आला की त्याच्या आसपासचीच लावून बघतात. हुशार मुलीला दहा सोपी गणितं घातली तर ती येणारच, त्यातून नवीन काय कळणार? तसे प्रश्न गाळले की पेपर छोटा होतो. कागदावरची एसएटी तीन तासांची, १५४ प्रश्नांची होती. आता ९८ प्रश्न आणि २ तास १४ मिनिटं. (इंग्रजीच्या विभागातले उतारेही बरेच छोटे केलेत, सगळं श्रेय संगणकाला नको.) गुण देताना प्रश्न किती अवघड होता हेही धरतात, म्हणून वेगळे प्रश्न म्हणजे अन्याय असं मी म्हणणार नाही.

बोर्डाचं म्हणाल तर सध्या ते विसरा. नुसत्या दहावीला पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात आणि उत्तरं हाताने लिहितात. ती तिथल्या तिथे तपासून संगणक पुढचा प्रश्न कसा काढणार? शिवाय प्रत्येक प्रश्न आधी मुलांना देऊन त्याची काठिण्यपातळी ठरवावी लागते आणि अशी मोठी प्रश्नपेढी गुप्त ठेवावी लागते. आपल्याकडे सीईटी झाली की उत्तरतालिका येते, मुलं हरकती घेतात. पेढी गुप्त ठेवायची तर त्यावर पाणी सोडावं लागेल, आणि माझ्या मते ती किंमत फार आहे. सीईटी संगणकावर होते खरी, पण मुलाच्या उत्तरांप्रमाणे तिचे प्रश्न बदलत नाहीत.

एसएटीचा सराव ती परीक्षा ज्यावर होते त्या ब्लूबुक अ‍ॅपवरच करू दे. छापील सराव संचांत दुसरा भाग बदलत नाही. एका भागात मागेपुढे जाता येतं, पण तो संपला की परत फिरता येत नाही. त्यामुळे पहिल्या भागाची शेवटची चार-पाच मिनिटं तपासणीला ठेवायला सांगा. एसएटी आणि एमएचटी-सीईटी, दोन्हींत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा नको. आणि बोर्डासाठी आठवड्याला एक तरी पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहून घ्या. टायपिंगची सवय लागलेल्या मुलांचा हात तिसऱ्या तासाला दुखायला लागतो.