पहिला फोनोग्राफ घेताना

जुना, चावीवर चालणारा फोनोग्राफ घ्यायचा तुमचा उत्साह बघून छान वाटलं. फक्त पहिल्या मशीनची घाई करू नका. महिनाभर नुसत्या जाहिराती वाचा, फोटो मोठे करून बघा. नजर तयार होते.

सिलिंडरवर, म्हणजे नळीसारख्या रेकॉर्डवर, चालणारं मशीन (फोनोग्राफ) वेगळं, तबकडीवर चालणारं (ग्रामोफोन) वेगळं. जाहिरातीत दोन्हींना काहीही नाव दिलेलं असतं, म्हणून फोटोवर विश्वास ठेवा.

नवखे सर्वांत जास्त फसतात ते चकचकीत पितळी कर्णा आणि पेटीवर कुत्र्याचं चित्र असलेल्या नकली ग्रामोफोनवर. खऱ्या जुन्या पेटीची झीज हात लागतो तिथेच असते: चावीच्या भोकाभोवती, झाकणाच्या कडेला. सगळीकडे सारखीच 'जुनी' दिसणारी पेटी मी सोडून देतो. मोटरचा फोटो मागाच. द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे चला.

'चालू स्थितीत' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की तबकडी फिरते. पूर्ण चावी भरून अख्खी रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवल्याचा व्हिडिओ मागा. मध्येच वेग पडला किंवा आतून धप्प असा आवाज आला, तर मोटरच्या स्प्रिंगचं काम निघणार.

सुरुवातीच्या तीन चुका:
- रिप्रोड्यूसर (सुईच्या कंपनांचा आवाज करणारा भाग) नसलेलं मशीन 'नंतर मिळेल' म्हणून घेणं
- मूळ पॉलिश खरवडून काढणं
- ग्रामोफोनची पोलादी सुई पुन्हा वापरणं. रेकॉर्डच्या एका बाजूला एक नवी सुई, नाहीतर रेकॉर्ड घासते

सिलिंडर दोन मिनिटांचे असतात आणि १९०८ पासूनचे चार मिनिटांचेही. त्यांचे रिप्रोड्यूसर वेगळे, पण त्याबद्दल मशीन घरी आल्यावर बोलू. पाठवताना कर्णा आणि रिप्रोड्यूसर काढून वेगळे बांधायला मात्र आधीच सांगा.