जेआरएफचा निकाल लागेना, काय करू?

प्रश्न: ताई, नेट (प्राध्यापकी आणि जेआरएफ या संशोधन फेलोशिपसाठीची परीक्षा) दिली, आन्सर की आली, तेव्हापासून दिवसभर परीक्षा घेणाऱ्या एनटीएची साइट रिफ्रेश करतेय. मार्क मोजले तर जेआरएफच्या अगदी काठावर. आत्या फोनवर पहिलं तेच विचारते. झोप उडालीय.
– एक वाचक, नांदेड

उत्तर: अगं, काठावरच्यांचीच झोप उडते, ज्याचं गेलंय तो निवांत झोपतो! आधी हे बघ, पहिली आन्सर की तात्पुरती असते, तिच्यावर पैसे भरून आक्षेप घेता येतात, मग फायनल की येते, आणि वेगवेगळ्या शिफ्टमुळे पर्सेंटाइल (म्हणजे किती टक्के पोरं तुझ्या मागे) काढतात, त्यामुळे टेलिग्रामवरचे 'एक्स्पेक्टेड कटऑफ' बघणं आजपासून बंद. आत्याला सांग, निकाल लागला की मीच कळवते. जून 2024 ची नेट तर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, पोरांनी ऑगस्ट-सप्टेंबरात परत दिली, त्यांचे काय हाल झाले असतील विचार कर.

जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37,000, प्रश्नच मिटला. पण हुकली तरी आता नेटच्या त्याच स्कोअरवर पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, 70 टक्के वेटेज नेटचं, 30 इंटरव्ह्यूचं. मात्र तो स्कोअर वर्षभरच चालतो, म्हणून गाइड कोण, जागा किती हे आत्ताच विचारून ठेव आणि विषयाचा कच्चा आराखडा लिहायला घे. राज्य सरकारच्या, ठरावीक समाजगटांसाठीच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपपैकी तू कशात बसतेस तेही बघ, पण जाहिरात त्यांच्याच साइटवर वाच, फॉरवर्डवर नको.