पाळणाघरात काही शिकवत नाहीत, मग बदलू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी दीड वर्षाची आहे, पाळणाघरात जायला लागून पाच आठवडे झाले. सकाळी सोडताना रडते. तिथल्या मावशी म्हणतात की नंतर छान खेळते, पण संध्याकाळी मला बघितलं की परत भोकाड पसरते. त्यात तिथे काही शिकवतच नाहीत, नुसतं खेळणं, जेवण, झोप. दुसऱ्या एका ठिकाणी फ्लॅशकार्ड आहेत, टीव्हीवर बालगीतं लावतात, टाइमटेबल आहे. बदलू का?

उत्तर : टाइमटेबल बघून तर अजिबात बदलू नका. आधी आत्ताच्या ठिकाणी तासभर बसायची परवानगी मागा आणि दोनच गोष्टी बघा, मुलांचं नाक कसं पुसतात आणि डायपर कसा बदलतात. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या खोलीत काढलीत आणि अजूनही नवीन ठिकाणी गेले की आधी हेच बघते. एक मावशी मागून येते, रुमाल धरते, खसकन पुसते, निघून जाते. मूल दचकतं, मान झटकतं. दुसरी समोर येऊन खाली बसते, रुमाल दाखवते, "नाक पुसूया?" म्हणते आणि थांबते. दोन-तीन सेकंदच थांबते हो, पण तेवढ्यात ते मूल आपणहून तोंड वर करतं. या दोन-तीन सेकंदांत त्याला आपल्याशी बोललेलं कळलं, पुढे काय होणार ते कळलं, आपलंही कुणी ऐकतं हे कळलं, आणि दीड वर्षाच्या मुलीला यापेक्षा मोठं काय शिकवायचं असतं सांगा.

डायपर, हात धुणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि तेवढ्या वेळा एक मोठं माणूस फक्त त्या एका मुलाजवळ असतं, म्हणून बोलण्याची खरी वेळ तीच. हंगेरीत एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, १९४६ मध्ये त्यांनी बुडापेस्टला आईवडिलांविना असलेल्या बाळांसाठी बालगृह सुरू केलं आणि तिथे सगळा भर यावरच होता, की अंघोळ घालताना, कपडे बदलताना घाई करायची नाही, बाळाला सांगून करायचं, त्याने हात पुढे करायची वाट बघायची आणि बाकीच्या वेळात त्याला मोकळं खेळू द्यायचं. तेव्हा तुम्ही "नुसतं खेळणं, जेवण, झोप" म्हणताय ना, ते नीट होत असेल तर तोच तिचा अभ्यास आहे.

आता रडणं. या वयात आई नजरेआड झाली की रडू येतंच, साधारण आठ-नऊ महिन्यांपासून हे सुरू होतं आणि दीड वर्षापर्यंत चांगलंच जोरात असतं. संध्याकाळचं रडणं बघून बऱ्याच आयांना वाटतं की दिवसभर हाल झाले असतील, पण बहुतेक वेळा दिवसभर धरून ठेवलेलं सगळं ती तुमच्यापाशी मोकळं करते, कारण तुमच्यापाशी करता येतं. तुम्ही कडेवर घेतल्यावर थोड्या वेळात शांत होते का, हे बघा. होत असेल तर घाबरू नका. फक्त सकाळी तिची नजर चुकवून सटकू नका प्लीज, त्याने ती दिवसभर दाराकडे बघत बसते. एक पापी, "झोपून उठलीस की मी येणार" एवढं एकच वाक्य, रोज तेच, आणि निघा.

टीव्हीचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या, म्हणजे दोन पूर्ण होईपर्यंतच्या, मुलांना स्क्रीनसमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तोही कमी झाला तर बरं. त्याच सूचनांत तुमच्या मुलीच्या वयाला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल आणि ११ ते १४ तास झोप सांगितलीय. म्हणजे टीव्हीपुढे बसणारी मुलं जास्त शिकतायत असं समजू नका.

बदलायचंच असेल तर या कारणांसाठी बदला : मावशी दर महिन्याला नवीन असते, किंवा एका मावशीकडे खूप मुलं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की एक वर्षापर्यंतची तीन आणि त्यानंतर तीन वर्षांची होईपर्यंत चार मुलं एका व्यक्तीकडे असावीत. सगळीकडे हे जमत नाही हे मलाही माहितीये, पण एकटीकडे दहा तान्ही असतील तर ती बिचारी कितीही प्रेमळ असली तरी "नाक पुसूया?" म्हणून थांबणार कधी?

प्रश्न : मी पाळणाघरात काम करते. दोन वर्षांचा एक मुलगा दुसऱ्यांना चावतो. पालक चिडलेत, त्याला वेगळं बसवा म्हणतात.

उत्तर : वेगळं बसवून तो चावायचा थांबणार नाही, त्याला अजून "ते माझं आहे" म्हणता येत नाही म्हणून दात पुढे येतात. आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्या, मग या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन "चावायचं नाही, त्याला दुखतं" एवढंच, लांबलचक भाषण नको. आणि आठवडाभर वहीत टिपून ठेवा की कधी चावतो, कुणाला, त्याच्या आधी काय चाललं होतं. माझ्याकडच्या एका मुलाचं असंच लिहिलं तेव्हा लक्षात आलं की जवळपास प्रत्येक वेळ जेवणाच्या आधीची होती, सगळी एकाच बेसिनपाशी दाटीवाटीने उभी असायची आणि त्याला भूक लागलेली असायची. आम्ही दोघादोघांना हात धुवायला न्यायला लागलो आणि त्याला पहिल्या जोडीत घेतलं. पालकांना ती वही दाखवा, पण चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या पालकांना सांगू नका.